आकस्मिक खर्च

मंगळवारी संध्याकाळी विश्रामबागेतल्या माझ्या व्हरांड्यात
चपला वाढतात.
पलूस, जत, कवठेमहांकाळ, आष्टा –
शेवटची एसटी कितीला आहे ते आधी सांगतात,
मग पिशवीतून प्रस्ताव काढतात.

मी निवृत्त. रसायनशास्त्र. चौतीस वर्षं.
माझ्या नावावर संशोधन प्रकल्प दोनच,
त्यातल्या एकाचा दुसरा हप्ता यायचाय अजून,
एकोणीसशे शहाण्णवपासून.
तेव्हा सल्ला द्यायचा अधिकार मला आहे,
असं मी धरून चालतो.

सांगतो :
शीर्षकात 'एक अभ्यास' घालू नका, अभ्यासच असतो तो.
उद्दिष्टं चार पुरेत. पाचवं कुणी वाचत नाही.
प्रवासखर्च फार कमी धरलात
तर परीक्षकाला वाटतं, तुम्ही जाणारच नाही.
मुदत रात्री बाराची असली तरी दुपारचे चार समजा,
साडेचारला प्राचार्य गावाला जातात
आणि शिक्का त्यांच्या कपाटात.
स्थाननिश्चितीसाठी करताय? करा, लाज कसली.
फक्त एक प्रश्न असा ठेवा
जो बढती मिळाल्यावरही झोपू देणार नाही.

नियतकालिकांचं तर पेवच फुटलंय, मी म्हणालो,
पैसे भरा, आठवड्यात छापून या –
तर कोपऱ्यातल्या मगदूम मॅडम हसल्या.
"आमच्याकडे पेवं फुटत नाहीत, सर.
बुजतात."

सुलक्षणा मगदूम. सूक्ष्मजीवशास्त्र.
सात वर्षं तासिका तत्त्वावर, आता कायम होऊन आठ महिने.
नोकरी पलूसला, माहेर हरिपूर.
विषय : हळदीच्या पेवांतली माती –
वीस फूट खाली, अंधारात, वर्ष वर्ष
हळकुंडाला कीड का लागत नाही.
"नव्हती लागत," तिने दुरुस्त केलं,
"पुरानंतर पेवं राहिलीत किती?"

प्रस्ताव कच्चा होता. चांगला होता.
पान तीनवर मध्येच एक वाक्य :
'माझे वडील पेवात उतरायचे. आधी कंदील सोडायचे.
कंदील विझला, की त्या दिवशी मजुरी नाही.'
मी लाल पेनाने आडवी रेघ मारली,
समासात लिहिलं : संदर्भ द्या अथवा वगळा.
तिने वगळलं.

दोनदा परत आला. तिसऱ्यांदा मंजूर,
मागितलेल्याच्या निम्म्याहून जरा कमी.
पेढे नाही आणले तिने. कागदाच्या पुडीत
पाच हळकुंडं ठेवून गेली टेबलावर.
अजून तिथंच आहेत. टेबलाला वास लागलाय.

परवा आली ती लेखापरीक्षकाची शंका घेऊन.
आकस्मिक खर्च, बाब अकरा :
कंदील, एक नग.
रॉकेल एक लिटर.
काथ्याची दोरी, चाळीस फूट.
'प्रकल्पाशी संबंध स्पष्ट करावा.'

"वायुमापकाला पैसे उरले नव्हते," ती म्हणाली.
"रॉकेलसुद्धा ओळखीने मिळालं."
मग थोडं थांबून,
"आणि मापक घेतला असता ना सर,
तरी आधी कंदीलच सोडला असता मी."

पलूसची एसटी गेली होती. आतून बायकोने
तिचं पान वाढल्याचं सांगितलं.
मी कोरा कागद ओढला, मार्गदर्शक या नात्याने,
आणि खुलाशाची पहिली ओळ लिहिली.
काही आठवावं लागलं नाही. पाठ होती.

'प्रकल्पप्रमुखांचे वडील पेवात उतरत असत.'

हातात लाल पेन होता, हे लिहून झाल्यावर दिसलं.
तसाच राहू दिला.

"विझला का कंदील?" मी विचारलं.
"पहिल्या दिवशी विझला.
दुसऱ्या दिवशी नाही."

तेवढंही लिहिलं मग.
सही. दिनांक. ठिकाण : सांगली.